थंड हवेत कुंडीतला कोवळा पाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे इंग्लंडच्या मध्य भागातील हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तेथे नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्यावरच्या कुंडीतली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, रात्री अधूनमधून पारा शून्याखाली उतरतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. आयर्लंड, बेल्जियम किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडतील. ‘कोवळा पाम’ म्हणजे बी रुजल्यापासून साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतचे, अजून खोड न धरलेले रोप, असा अर्थ येथे घेतला आहे.

अशा हवेत कुंडीत पाम खरोखर जगतो का?

जगतो, मात्र तो कोणता पाम आहे, यावर निम्म्याहून अधिक भिस्त असते. पामच्या कुळात अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. माड, पोफळ, ताड, शिंदी, भेरली माड ही आपल्या ओळखीची झाडे त्यांतलीच, पण त्यांतल्या बहुतेकांचा गोठणाऱ्या हवेशी कधी संबंधच आलेला नाही. थंडी सोसणारे पाम मोजकेच आहेत आणि त्यांत पहिला मान चुसान पामचा. पंख्यासारख्या पानांच्या या झाडाचे शास्त्रीय नाव ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी असे आहे. १८३० मध्ये फिलिप फॉन सीबोल्ड याने त्याच्या बिया जपानमधून युरोपात पाठवल्या. पुढे १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने चीनच्या किनाऱ्यालगतच्या चुसान, म्हणजे आजच्या झोउशान, बेटावरून रोपे इंग्लंडला धाडली आणि ती लंडनच्या क्यू उद्यानात आणि आइल ऑफ वाइटवरील व्हिक्टोरिया राणीच्या ऑसबोर्न येथील बागेत पोचली. चिनी चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आणणारा फॉर्च्यून तो हाच. या पामचा एक जवळचा भाऊबंद, ट्रॅकीकार्पस ताकिल, उत्तराखंडातील पिथोरागड जिल्ह्यात सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फ पडते अशा जागी वाढतो. तेव्हा ‘पाम म्हणजे समुद्रकिनारा’ हे कोकणात वाढलेल्या माणसाच्या डोक्यातले समीकरण येथे बाजूला ठेवावे लागते.

रोपाबरोबरच्या चिठ्ठीवर ‘उणे १५ अंशांपर्यंत टिकतो’ असे लिहिले होते. मग माझे रोप उणे ६ अंशांतच का मेले?

तो आकडा खोटा नाही, पण तो जमिनीत मुरलेल्या मोठ्या झाडाचा आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकाम संस्थेने चुसान पामला जी ‘एच ५’ श्रेणी दिली आहे, तिचा अर्थ उणे १० ते उणे १५ अंश सेल्सियसची थंडी सोसणारे झाड असा होतो. जमिनीत लावलेल्या झाडाची मुळे भोवतालच्या मातीच्या उबेत असतात आणि इंग्लंडमधल्या नेहमीच्या हिवाळ्यात ती माती वरच्या काही सेंटीमीटरांपलीकडे सहसा गोठत नाही. कुंडीला ही ऊब मिळत नाही. तिला चारी बाजूंनी वारा लागतो, दोन-तीन रात्रींच्या कडाक्यात आतला मातीचा गोळा आरपार गोठतो आणि मुळे पानांच्या मानाने बरीच नाजूक असल्यामुळे आधी तीच जातात. त्यातून कोवळ्या रोपाचा कोंब मातीच्या अगदी लगत असतो. मोठ्या झाडात तो जाड तंतूंच्या वेष्टनात, माणसाच्या डोक्याहून उंच असतो. म्हणून तीन-चार पाने असलेल्या कुंडीतल्या रोपासाठी मी उणे ३ अंश ही मर्यादा मानतो. हवामानाच्या अंदाजात त्याखालचा आकडा दिसला की कुंडी उचलायची.

उणे ६ अंशांत मेलेली सगळी रोपे थंडीनेच मेली, असेही मात्र समजू नये. मी पाहिलेल्या मेलेल्या रोपांपैकी बरीचशी थंडीतल्या ओलीने गेली होती. हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुकानात ‘पाम’ म्हणून अनेक झाडे असतात. त्यांतले कोणते घ्यावे?

वर्षभर बाहेर ठेवायचे असेल, तर चुसान पाम. त्याखालोखाल भूमध्य सागराच्या काठचा कॅमेरॉप्स, जो बुटका आणि अनेक फुटव्यांचा असतो व ज्याच्या देठांवर काटे असतात. कॅमेरॉप्सला कोरडी थंडी चालते, भिजट थंडी चालत नाही. कॅनरी बेटांवरचा खजूर स्वस्तात मिळतो आणि दिसतोही देखणा, पण कुंडीत त्याला हलका गारठाच झेपतो. कडाक्याच्या रात्री तो आत घ्यावा लागतो आणि पाचएक वर्षांत त्याचा पसारा एवढा होतो की दारातून आत घेणे हेच संकट होऊन बसते.

घरात ठेवायचा असेल, तर ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावरचा केंटिया. कमी उजेडात तग धरण्याच्या गुणामुळेच व्हिक्टोरियन काळात इंग्रजांच्या दिवाणखान्यांत त्याने जागा पटकावली. मुंबई-पुण्यात प्रत्येक सोसायटीच्या दाराशी दिसणारा अरेका पाम मूळचा मादागास्करचा. त्याला ऊब आणि दमटपणा दोन्ही हवे असतात, त्यामुळे इंग्लंडमधल्या घरात तो रडतखडत जगतो. ‘आपल्याकडे तर तो कसाही वाढतो’ या भरवशावर तो घेऊ नये.

दोन नावांपासून सावध राहावे. कॉर्डिलाइन हे न्यूझीलंडचे झाड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘टॉर्बे पाम’ म्हणून विकले जाते आणि ‘सागो पाम’ म्हणजे सायकस. ही दोन्ही पाम नव्हेत. २०१० चा डिसेंबर हा ब्रिटनमधला शंभर वर्षांहून अधिक काळातला सर्वांत थंड डिसेंबर होता. त्या हिवाळ्यात कॉर्डिलाइनची झाडे ठिकठिकाणी मान टाकून मेली आणि पाम थंडीत टिकत नाहीत असा बोल नाहक पामला लागला.

खाल्लेल्या खजुराची बी लावली तर रोप येते का? आणि नारळ?

खजुराची बी सहज रुजते आणि मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. बी स्वच्छ धुऊन दोन दिवस पाण्यात भिजवावी, पाणी रोज बदलावे, मग ओलसर मातीत दोन सेंटीमीटर खोल पेरून २५ ते ३० अंशांच्या उबेत ठेवावी. पाणी तापवण्याच्या टाकीचे कपाट असेल, तर ती जागा उत्तम. तीन ते आठ आठवड्यांत बीतून एक पांढरी, बोटभर लांब सुई निघते आणि सरळ खाली जाते. ती पाहून पुष्कळ जण बी उलटी लावली असे समजून उपटून पुन्हा लावतात; तसे करू नये. खजुराची रीतच अशी आहे की आधी ती सुई खोल जाते, तिच्या टोकापाशी रोपाचा जीव असतो आणि तेथून पहिले पान, गवताच्या पातीसारखे, वर येते. त्यामुळे पसरट ट्रेपेक्षा उंच, अरुंद कुंडी घ्यावी. त्या रोपाला हिवाळ्यात आत ठेवावे लागते आणि इंग्लंडमध्ये त्याला खजूर लागण्याची आशा धरू नये. पुढे पानांच्या देठांवर खालच्या बाजूला सुयांसारखे काटे येतात. घरात लहान मूल असेल, तर ते त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाहीत अशी जागा शोधावी.

नारळाचे उत्तर छोटे आहे : नाही. सोललेला, शेंडीचा नारळ रुजत नाही. काही दुकानांत मोड आलेला अख्खा नारळ कुंडीत बसवून विकतात. आतल्या खोबऱ्याचा साठा पुरतो तोवर, म्हणजे वर्ष-दोन वर्षे, तो हिरवा दिसतो आणि मग दिवाणखान्यातल्या हिवाळ्यात एकेक पान टाकत संपतो. माडाची आठवण येते हे खरे, पण ती भागवण्याचा हा मार्ग खर्चिक आहे.

रोप विकत घेताना काय पाहावे?

सर्वांत आधी कोंब, म्हणजे मधोमध सरळ उभे असलेले, अजून न उलगडलेले पान. ते ताठ आणि हिरवे असावे. दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवले तर जागचे हलता कामा नये. त्यानंतर कुंडी उचलून तळाची भोके पाहावीत. दोन-चार मुळे डोकावत असतील तर चांगलेच. मुळांची जाड वेटोळी बाहेर आली असतील, तर रोप बराच काळ त्याच कुंडीत अडकले आहे. पानाच्या मागच्या बाजूवरून नख फिरवावे, तपकिरी खवले निघाले तर रोप परत ठेवावे. आणि खरेदी मे महिन्यात करावी. सप्टेंबरात सवलतीत मिळणारे रोप मुळे धरायच्या आत हिवाळ्याच्या तोंडी जाते.

कुंडी केवढी आणि कसली असावी?

मुळांच्या गोळ्यापेक्षा भोवताली बोट-दोन बोटे जास्त, एवढीच. ‘एकदाच मोठी घेऊ, म्हणजे पुन्हा बदलायला नको’ हा आपल्याकडचा, शाळेचा गणवेश दोन मापे मोठा शिवून घेण्याचा हिशेब येथे अंगाशी येतो. मुळे जेथे पोचलेली नाहीत तेथली माती पाणी शोषून बसते, थंडीत ती वाळत नाही आणि आंबते. पामची मुळे खाली जातात, त्यामुळे रुंद कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी. मातीची कुंडी श्वास घेते आणि वजनदार असल्याने वाऱ्यात कलंडत नाही, पण तिच्यात मुरलेले पाणी गोठले की ती तडकते. गोठण सोसणारी भाजणी असेल तरच ती बाहेर ठेवावी. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी दिसायला सामान्य असली, तरी कोवळ्या रोपासाठी तीच सोयीची. हवे तर ती एखाद्या देखण्या कुंडीच्या आत ठेवावी, मात्र त्या बाहेरच्या कुंडीलाही तळाला भोक हवे.

माती कशी करावी?

पिशवीतले नुसते सेंद्रिय मिश्रण वापरू नये. दुसऱ्याच वर्षी ते बसते आणि चिखलासारखे होते. दोन भाग ‘जॉन इनेस क्रमांक ३’ हे चिकणमातीयुक्त मिश्रण आणि एक भाग बागकामाची बारीक खडी किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), असे प्रमाण मी वापरतो. बांधकामाची वाळू घालू नये, तिच्या बारीक कणांनी उलट निचरा तुंबतो. तळाशी विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घालण्याची सवय आपल्याकडे आहे. त्याने निचरा सुधारत नाही, मातीची खोली तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. रोप पूर्वीच्या कुंडीत ज्या पातळीवर होते त्याच पातळीवर बसवावे. बुंधा मातीत गाडला तर कोंबाशी ओल राहते.

कुंडी कधी बदलावी?

दोन-तीन वर्षांतून एकदा, मेअखेर ते जून या काळात, जेव्हा मुळे वाढीला लागलेली असतात. गोळा फोडू नये, मुळे विंचरू नयेत, छाटू नयेत. पामचे तुटलेले मूळ अनेकदा मागेपर्यंत मरते आणि रोप पुढचे सहा महिने रुसून बसते. गोळा निघत नसेल तर प्लॅस्टिकची कुंडी कात्रीने कापावी. तिची किंमत रोपापुढे काहीच नाही.

पाणी किती आणि किती दिवसांनी द्यावे?

‘आठवड्यातून दोनदा’ अशा उत्तराची अपेक्षा असते, पण ते देता येत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, वरची तीन-चार सेंटीमीटर माती कोरडी लागली की तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत पाणी द्यावे आणि मग पुन्हा तेवढी कोरडी होईपर्यंत थांबावे. जुलैच्या उन्हात लहान कुंडीला हे रोज लागू शकते. रोज संध्याकाळी कपभर पाणी शिंपडण्याची रीत सर्वांत वाईट, कारण वरची माती सदा ओली राहते आणि खालची मुळे तहानलेली असतात.

हिवाळ्यात नियम उलटतो. १० अंशांखाली चुसान पामची वाढ जवळजवळ थांबते, मुळे पाणी ओढेनाशी होतात आणि दिलेले पाणी मातीत नुसते थांबून राहते. आच्छादनाखाली ठेवलेल्या रोपाला तीन-चार आठवड्यांतून एकदा थोडेसे पाणी पुरते. उघड्यावर असेल, तर आभाळ गरजेहून जास्तच देते. अंदाजासाठी कुंडी उचलून पाहावी. पाणी दिल्यावरचे वजन आणि कोरडेपणीचे वजन हाताला एकदा कळले की बोट खुपसायचीही गरज उरत नाही. पाणी नेहमी मातीवर द्यावे, कोंबावर ओतू नये. बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने काढून टाकावे.

रोपाला किती उजेड लागतो?

२१ डिसेंबरला मुंबईचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि लंडनचा आठ तासांहून किंचित कमी, तोही बहुधा ढगाळ. म्हणून आत ठेवलेले रोप दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीलगत ठेवावे. खोलीच्या कोपऱ्यात शोभेसाठी ठेवू नये. केंटिया याला अपवाद. वसंतात रोप बाहेर काढताना मात्र घाई नको. हिवाळाभर खिडकीत राहिलेली पाने मे महिन्यातल्या थेट उन्हात दोन दिवसांत पांढरट भाजतात आणि तो डाग पान गळेपर्यंत जात नाही. पहिले दोन आठवडे भिंतीच्या सावलीत, मग सकाळच्या उन्हात आणि नंतर उघड्यावर, अशी सवय लावावी.

खत कोणते द्यावे? पाने पिवळी पडली तर त्याच खताने सुधारतील का?

एप्रिलअखेर ते ऑगस्ट या काळातच खत द्यावे. हळूहळू विरघळणारे दाणेदार खत वर्षातून एकदा दिले तरी भागते. पामला नत्राइतकेच, किंबहुना थोडे अधिक, पालाश (पोटॅशियम) लागते, शिवाय मॅग्नेशियम आणि मँगनीजही. लॉनवर टाकायचे खत उरले आहे म्हणून कुंडीत टाकू नये. त्यात नत्र भरमसाट असते, पान मऊसूत वाढते आणि पहिल्या गारठ्यात काळे पडते.

पिवळेपणाचे मात्र प्रकार आहेत आणि कोणते पान पिवळे पडले ते आधी पाहावे. जुन्या, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे : लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून महिन्यातून एकदा द्यावे. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी, उजेडाकडे धरले असता अर्धपारदर्शक दिसणारे ठिपके आणि करपलेली टोके असतील, तर पालाश कमी आहे. अशी पाने कापू नयेत, कारण रोप त्यांतलेच पालाश काढून नव्या पानाला देत असते. ती कापली की ते वरच्या पानांना हात घालते. नवे पानच फिकट पिवळे येत असेल, तर लोह कमी पडते आहे किंवा मुळे ओलीत गुदमरली आहेत. यांतले दुसरे कारण अधिक वेळा खरे निघते, आणि तेव्हा खत घालणे म्हणजे अजीर्ण झालेल्याला जेवायला बसवणे.

हिवाळ्यात कुंडी बाहेर ठेवावी की घरात आणावी?

हा प्रश्न ऑक्टोबरात सर्वाधिक येतो आणि येथेच सर्वाधिक रोपे गमावली जातात. चुसान पाम आणि कॅमेरॉप्स यांना तापवलेला दिवाणखाना मानवत नाही. २१ अंशांची ऊब मिळाल्याने रोपाला वाटते वसंत आला, ते वाढू लागते, पण उजेड नसल्याने पान लांबट, फिके आणि लुळे निघते. रेडिएटरच्या कोरड्या हवेत टोके वाळतात आणि लाल कोळी येतो. बाहेर गारठते आहे या दयेने आत आणलेले रोप असे मार्चपर्यंत अर्धमेले होते.

सर्वांत चांगली जागा म्हणजे न तापवलेली पण उजेडाची : काचेचा पोर्च, हरितगृह किंवा जिना चढतानाची थंड खिडकी, जेथे पारा १ ते १० अंशांच्या दरम्यान राहील. अशी जागा नसेल, तर रोप बाहेरच राहू द्यावे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला चिकटून, छपराच्या पुढे आलेल्या पट्टीखाली, जेथे थेट पाऊस पडणार नाही, तेथे ते आनंदाने हिवाळा काढते. अंदाजात उणे ३ अंशांखालची रात्र आली, तर तेवढ्यापुरते गॅरेजमध्ये न्यावे. अंधारात आठवडाभर राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही, महिनाभराने मात्र बिघडते. केंटिया आणि अरेका ही घरातलीच झाडे. त्यांना १५ अंशांखाली ठेवू नये.

बाहेरचे रोप गुंडाळावे कसे?

कुंडी आणि पाने यांचा वेगवेगळा विचार करावा. कुंडीला नोव्हेंबरातच फुगेवाल्या प्लॅस्टिकचे दोन वेढे द्यावेत, वर गोणपाट बांधावे आणि ती विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे तळाची भोके मोकळी राहतात आणि फरशीवरच्या बर्फाने बंद होत नाहीत. हे वेष्टन मार्चअखेरपर्यंत राहू द्यावे. पानांचे वेष्टन मात्र कडाक्यापुरतेच : पाने मऊ दोरीने सैलसर वर बांधावीत, भोवती बागकामाचे पांढरे, हवा जाऊ देणारे कापड दोन पदरी गुंडाळावे आणि पारा शून्याच्या वर गेला की सोडावे. जाणकार मंडळी कोंबाभोवती कोरडा पेंढा भरतात. तो ओला झाला की तत्काळ बदलण्याची तयारी असेल तरच भरावा. प्लॅस्टिकची पिशवी पानांवर कधीही घालू नये. का, ते पुढच्या उत्तरात.

मार्चमध्ये मधले पान ओढताच हातात आले. रोप मेले का?

बहुधा नाही. माझ्या पहिल्या चुसान पामचे असेच झाले आणि दोष सर्वस्वी माझा होता. डिसेंबरात बर्फाचा अंदाज ऐकून मी त्याच्यावर एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घातली, खाली सुतळीने आवळली आणि पुढचे अकरा आठवडे तिकडे पाहिले नाही. मार्चमधल्या एका रविवारी ती काढली, तेव्हा आतल्या बाजूने पाणी ओघळत होते. पाने हिरवीगार दिसत होती, म्हणून समाधान वाटले. कोंब चिमटीत धरून वर ओढला, तर तो अलगद, म्यानातून सुरी निघावी तसा वर आला. खालची चार बोटे तपकिरी, बुळबुळीत आणि सडक्या बटाट्याच्या वासाची होती. कोकणात माडाच्या बाबतीत ज्याला कोंब कुजणे म्हणतात, तसाच हा प्रकार.

अशा वेळी घाईने रोप टाकून देऊ नये. पामला वाढीचे टोक एकच असते हे खरे, पण ते सडलेल्या भागाच्या बरेच खाली, बुंध्याच्या आत असते आणि पुष्कळदा वाचलेले असते. आतली घाण कापसाने किंवा चमच्याच्या दांड्याने अलगद काढावी. औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड दोन चमचे त्या पोकळीत ओतावे. फसफसून झाले की कुंडी आडवी करून ते निथळू द्यावे. चार-पाच दिवसांच्या अंतराने, फसफसणे थांबेपर्यंत हे करावे. त्यानंतर रोप उजेडात पण पावसाच्या आडोशाला ठेवावे, वरून पाणी पडू देऊ नये, खत देऊ नये आणि बाजूची हिरवी पाने कापू नयेत. पुढे वाट पाहणे एवढेच हाती असते. माझ्या रोपाने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवे पान वर काढले. ते उंदराने कुरतडल्यासारखे, अर्धेच आणि वेडेवाकडे होते. त्यानंतरचे बरे आले आणि तिसरे निर्दोष. बुंधाच दाबल्यावर मऊ लागत असेल, तर मात्र आशा सोडावी.

पानांची टोके तपकिरी होतात. त्यावर उपाय काय?

थोडीफार टोके वाळणे हा पामचा स्वभाव आहे. घरातल्या रोपाची सगळीच टोके वाळत असतील, तर कोरडी हवा, साचलेले क्षार किंवा अनियमित पाणी यांपैकी काहीतरी कारण असते. रोप रेडिएटरपासून दूर सरकवावे आणि वर्षातून एकदा कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहू द्यावे. टोके कात्रीने नीटनेटकी करायची असतील, तर तपकिरी भागाची एक बारीक कड शिल्लक ठेवावी. हिरव्यात कापले की पुन्हा तेवढेच वाळते. पानांवर रोज फवारा मारण्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही.

कोणती कीड येते?

बाहेर जवळजवळ कोणतीच नाही. कोकणातल्या माडांना छळणारा गेंड्या भुंगा ब्रिटनमध्ये नाही आणि दक्षिण युरोपात कॅनरी खजुरांचा फडशा पाडणारा सोंड्या भुंगा ही इंग्लंडमधल्या कुंडीतल्या रोपाची रोजची चिंता नाही. घरात मात्र लाल कोळी, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण हे तिघे ठरलेले. पानामागे बारीक जाळी आणि वर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसले, की तो लाल कोळी. रोप न्हाणीघरात नेऊन कोमट पाण्याच्या झोताने पानांच्या मागच्या बाजू धुवाव्यात आणि आठवड्याने पुन्हा धुवाव्यात. खवले आणि पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावेत. देठांच्या बेचक्यांत ते लपतात, तेथे कापसाची काडी चालते.

रोप उंच झाले. शेंडा छाटून बुटके ठेवता येईल का?

नाही. शेंडा छाटला की पाम मरतो. आंबा-पेरूसारखे त्याला बाजूने फुटवे येत नाहीत. कॅमेरॉप्सला बुडातून फुटवे येतात, पण छाटलेले खोड त्याचेही संपते.

वाढीला किती वर्षे लागतात?

चुसान पामच्या बीतून पहिल्या वर्षी दोन-तीन साध्या पाती येतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाने चिरू लागतात आणि पुढे पंखा दिसू लागतो. खोड धरायला पाच-सहा वर्षे तरी द्यावी लागतात. कुंडीत वाढ जमिनीतल्यापेक्षा मंद असते. घाई असेल, तर खोड धरलेले झाड विकत घ्यावे. किंमत जास्त का, हे मग आपोआप कळते.

कुत्र्या-मांजरांना पाम विषारी असतो का?

चुसान पाम, कॅमेरॉप्स, कॅनरी खजूर, केंटिया आणि अरेका हे येथे चर्चिलेले कुंडीतले पाम विषारी नाहीत. सायकस मात्र, म्हणजे ‘सागो पाम’, कुत्र्या-मांजरांना जीवघेणा ठरू शकतो आणि त्याच्या बिया सर्वांत धोकादायक असतात. नावात पाम आहे म्हणून तो घरात आणू नये.

गावाहून येताना पिशवीत एखादे रोप आणले तर?

आणू नये. लावण्याजोग्या जिवंत रोपासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, ते नसल्यास रोप जप्त होते, आणि त्याच्या मुळांतल्या मातीबरोबर कोणती कीड प्रवास करते हे आपल्याला दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या थंडीत ही काळजी घ्यावी लागते का?

क्वचित. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते, निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण दुपारी ऊन पडते आणि कुंडी पुन्हा उबदार होते. तेथे थंडीपेक्षा घाटमाथ्याच्या पावसातली आंबलेली कुंडीच जास्त घातक ठरते, त्यामुळे माती आणि निचरा यांबद्दल वर लिहिलेले तेवढे उचलावे.

कुंडीतल्या चुसान पामला फुले येतात का?

येतात, पण मीटरभर खोड धरल्यावर, म्हणजे कुंडीत पुष्कळ वर्षांनी. पानांच्या बेचक्यातून पिवळी, गच्च पोय, म्हणजे फुलांचा तुरा, बाहेर पडते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. दोन्ही जवळपास असली, तरच मादीला निळसर काळी फळे धरतात. आपले झाड कोणते, हे पहिली पोय उमलेपर्यंत कळत नाही.